डाव्या कप्प्यातलं पाणी

१

नाव तलावाच्या मधोमध पालथी पडली होती आणि तिची डावी कड पाण्याखाली गेली होती. धनश्रीला काठावर पोचताच आधी तेच दिसलं. दादा कुठे आहे हे विचारायच्याही आधी तिच्या मनात आलं, ही नाव अशी पडूच शकत नाही.

फायबरग्लासची पंधरा फुटी शर्यतीची नाव. पातळ फोमच्या दोन्ही अंगांना काचेच्या कापडाचे थर बसवलेले, त्यामुळे चार माणसं उचलून नेतील इतकी हलकी. मागची बाजू उघडी, की आत आलेलं पाणी आपोआप वाहून जावं. आणि दोन्ही कडांना, सबंध लांबीभर, हवाबंद कप्पे. वाऱ्याने उलटली तर पोटातून खाली निघणाऱ्या फळीवर उभं राहायचं, वजन टाकायचं, की नाव सरळ. धनश्रीने हे शेकडो वेळा केलं होतं. कप्प्यांत हवा आहे तोवर ही नाव एका अंगाला बुडणार नाही.

हुडकेश्वरच्या त्यांच्या शेडमध्ये एरवी पाण्याच्या टाक्या आणि बागेतल्या घसरगुंड्या तयार होत. ही नाव मात्र धनश्री आणि तिचा मोठा भाऊ संजीव यांनी हौसेने उभी केली होती. आजोबा हातमागावर लुगडी विणायचे. संजीव हसून म्हणायचा, आपण अजून कापडाचाच धंदा करतो, फक्त ते काचेचं आहे. नावेचं रेखाटन ऋषी बक्षी या धनश्रीच्या मित्राचं. थर चढवणारे रुपराव, वडिलांच्या वेळेपासूनचे कारागीर.

कोळ्यांनी संजीवला शिडाखालून बाहेर काढलं. दोरी दंडाला अडकली होती. अंगात तरंगायचं जाकीट नव्हतं.

"मी इथंच होतो," रुपराव काठावर बसून सांगत होते. "नाव डावीकडे झुकली, मंग पूर्ण फिरली. तो वर चढाले पाहत होता, नाव उठून नाही राहिली. मले पोहता येत नाही, पोरी. मी पाहून राहिलो नुसता."

नावेची पहिली चाचणी शनिवारी ठरली होती. धनश्री नेणार होती, सोबत बचावाची मोटरबोट राहणार होती. पण गुरुवारी दुपारी वारा चांगला सुटला, धनश्री शाळेत खेळाचा तास घेत होती, आणि संजीवची बायको रोशनी तिच्या आईला घेऊन धंतोलीच्या दवाखान्यात गेली होती. संजीवने रुपरावांना सोबत घेतलं आणि कोणाला न सांगता नाव तलावावर आणली.

रोशनी संध्याकाळी रिक्षातून उतरली, ती थेट संजीववर घातलेल्या पांढऱ्या कापडापाशी आली. ती किंचाळली नाही. तिने धनश्रीचा हात धरला आणि विचारलं, "हे काहून गेले?"

धनश्रीने तिला जवळ ओढलं.

"हे काहून गेले वं, धनू?" तिने पुन्हा विचारलं, आणि मग ती कापडापाशी खाली बसली.

२

पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली. तेरवीपर्यंत शेडला कुलूप लागलं. पण धनश्रीला झोप येईना. त्याच साच्यातून निघालेली दुसरी नाव शेडमध्ये तयार होती आणि रविवारी ती मुलांच्या नौकानयन शिबिरात जायची होती. नावेतच खोट असेल तर पुढच्या आठवड्यात कोणाचं तरी लेकरू त्या शिडाखाली अडकणार होतं.

तिने चारुशीला मोहरीर यांना फोन केला. चारुशीलाबाई उभं आयुष्य मुंबईच्या बंदरात बुडालेल्या आणि आदळलेल्या जहाजांची तपासणी करत होत्या. निवृत्त होऊन शहरातल्या महाल भागात राहायला आल्यावर शिबिराच्या नावा त्याच पाहून देत.

त्या शेडवर आल्या, चपला काढल्या आणि तलावावरून परत आणलेल्या नावेभोवती आधी नुसत्या फिरल्या.

"डावा कप्पा भरला होता. उजवा?"

"कोरडा."

"बूच? झाकण?"

"दोन्ही घट्ट होती. मी स्वतः उघडली, मॅडम."

कप्प्यात डोकावायला प्रत्येक बाजूला एक गोल झाकण होतं, आट्यांचं. पाणी शिरू नये म्हणून ऋषीने त्याचं तोंड मुद्दाम लहान ठेवलं होतं. चारुशीलाबाईंनी डाव्या कप्प्याला सायकलचा पंप लावला आणि धनश्रीला सांधा न् सांधा साबणाच्या पाण्याने पुसायला लावला. कुठेच फुगा आला नाही. पण हवा निघून जात होती. बारीक फुसफुस ऐकू येत होती आणि ती कुठून येतेय ते कळत नव्हतं. बंद शेडमध्ये तो आवाज कोणीतरी दात आवळून श्वास सोडावा तसा वाटत होता.

चारुशीलाबाई नावेच्या मध्यावर वाकल्या. खाली जाणारी फळी जिच्यातून सरकते ती उभी, अरुंद पेटी तिथे होती; कडांचे कप्पे तळाखालून येऊन तिच्या दोन्ही भिंतींना भिडत होते. फळी काढून त्यांनी फटीत बॅटरी मारली.

"ये, पहा."

पेटीच्या डाव्या भिंतीत दोन भोकं होती. एक तळाशी, एक वर. पेन्सिल जाईल एवढी. चारुशीलाबाईंनी भोकांचे फोटो घेतले.

"नाव पाण्यात उतरली की या पेटीत पाणी चढतं," त्या म्हणाल्या. "खालच्या भोकातून ते कप्प्यात शिरणार, वरच्यातून हवा बाहेर पडणार. भोकांच्या कडा पेटीच्या बाजूला उचकटल्यात. म्हणजे कप्प्याच्या आतून, झाकणातून हात घालून, गिरमिटाने पाडलीत."

"पण पाण्यात टाकायच्या आधी दादा पंप लावल्याशिवाय राहत नव्हता. त्याला तेव्हाच कळलं असतं."

चारुशीलाबाईंनी झाकण हातात घेतलं. त्याच्या रबरी कड्याखाली हिरवट, पारदर्शक खपली चिकटली होती. त्यांनी ती नखाने सोडवली, फोडून अर्धी कागदात ठेवली आणि अर्धी ओल्या बोटावर. ती बुळबुळीत झाली आणि बघता बघता नाहीशी झाली.

धनश्रीने ती ओळखली. शेडमध्ये रोज वापरायचा लेप. साच्याला चिकटू नये म्हणून आधी त्याचा हात मारायचा, तो वाळून पापुद्रा होतो, आणि काम झालं की पाण्याने धुऊन जातो.

"साच्यातूनच राहिली असेल," ती म्हणाली. तिला तसंच असायला हवं होतं.

"झाकण तुम्ही विकत आणता. ते साच्यात कधी गेलंच नाही. लेप लागलेला हात या तोंडातून आत गेला, बाहेर आला, तेव्हा कडेला पुसला गेला. भोकांवर लेपाचे पापुद्रे होते, पोरी. पंपाची हवा त्यांनी धरली. पाण्यात ते विरघळले."

बाहेर रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. चारुशीलाबाईंनी खपलीच्या कागदाची घडी घातली.

"शेडची किल्ली कोणाकडे असते?" चारुशीलाबाईंनी विचारलं.

"दादाकडे होती. रुपरावकाकांकडे आहे. ऋषीकडे." धनश्री थांबली. "आणि घरी, खिळ्याला."

३

त्या रात्री धनश्री जेवायला बसली. वहिनीने तिच्या ताटात भात वाढला, वर वरण घातलं, आणि स्वतः भिंतीला टेकून बसून राहिली. तेरा वर्षांची मुग्धा आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. शनिवारची चाचणी झाल्यावर धनश्री तिला नावेवर जोडीदार म्हणून घेणार होती. अशा नावेवर पुढच्या शिडापाशी हलकं, चपळ माणूस लागतं. संजीवला त्याचा फार अभिमान होता.

नाव मी नेणार होते, धनश्री विचार करत होती. मग मला मारायचं होतं का? तिने खोलीचं दार लावलं, पुन्हा उठून कडी तपासली, आणि घरातल्या घरात आपण कडी तपासतोय याचीच तिला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी चारुशीलाबाईंनी ऋषीला बोलावलं. तो बुधवारी शेडमध्ये आला होता, ड्रिल घेऊन. त्याने ते लपवलं नाही.

"पाणी उपसायची झडप बसवायची होती. तासभर होतो. त्याच रात्री पुण्याला गेलो." त्याचे डोळे तारवटले होते. "मॅडम, लोक मला विचारताहेत की रेखाटनात कुठे चुकलं. झोप उडालीये माझी. चूक माझी आहे का तेवढं सांगा."

चारुशीलाबाईंनी त्याला भोकांबद्दल काही सांगितलं नाही. फक्त झाकणाच्या तोंडातून हात घालून दाखव म्हणाल्या. त्याचा पंजा अंगठ्यापाशी अडकला.

मग त्या महालात घरी परतल्या आणि दुपारी रुपरावांना तिथेच बोलावून घेतलं. रुपराव खुर्चीच्या टोकावर बसले.

"संजीवशी भांडण झालं होतं का?"

"झालं होतं. फोम जाड टाक म्हणे मी, तो म्हणे वजन वाढते. भांडण म्हणजे काय, रोजचंच." त्यांनी आपले रुंद, काचेचं कापड चिकटवायच्या राळेने तडकलेले पंजे गुडघ्यांवर ठेवले. "गुरुवारी पंप म्याच मारला. काटा हलला नाही. जा घेऊन म्हटलं. म्या म्हटलं त्याले."

"तो गुरुवारीच का निघाला?"

"रोशनी घरी नव्हती म्हणून. ती असली की तलावाचं नाव काढू देत नाही."

चारुशीलाबाई पुढचं विचारणार, एवढ्यात फोन वाजला. पलीकडे धनश्री होती. ती धापा टाकत होती.

४

धनश्री दादाची किल्ली घेऊन दुसरी नाव तपासायला शेडवर गेली होती. मुलांच्या नावेतही भोकं असतील, या एका विचाराने तिला घरात बसवेना. भर दुपारी गल्लीत चिटपाखरू नव्हतं. कुलूप उघडंच, कडीला लोंबत होतं.

आत शिरताच तिला वास आला. राळेचा, ताजा. संजीव गेल्यापासून या शेडमध्ये राळेचा डबा कोणी उघडला नव्हता.

ती थांबली. पत्र्याच्या छतातून उन्हाचे कवडसे पडले होते. घसरगुंडीचे साचे, टाक्यांचे गोल साचे, सगळे माणसाच्या उंचीचे. ती पहिल्या नावेपाशी गेली. कप्प्याचं झाकण काढून ठेवलेलं होतं. फटीतून तिने पाहिलं तर पेटीच्या भिंतीतली दोन्ही भोकं भरलेली होती. वर राळेचा लेप चकाकत होता.

नावेच्या कडेवर एक कागदी कप होता. तळाशी उरलेली राळ होती त्यात. तिने तो उचलला आणि लगेच ठेवला, कारण तो चटका बसेल इतका गरम होता. कडक करणारा द्रव मिसळला की राळ घट्ट होताना अशी तापते. थोड्याच वेळासाठी. मग निवते.

म्हणजे ती कालवणारं माणूस अजून इथेच होतं.

मोठ्या टाकीच्या साच्यामागे काहीतरी घासलं. पाय मागे घ्यावा तसं. धनश्रीने फोन मुठीत घट्ट धरला. तिला हाक मारायची होती, कोण आहे म्हणून. पण उत्तर येईल आणि तो आवाज ओळखीचा असेल, या भीतीने तिने ती मारली नाही. साच्याकडे पाठ न करता ती एकेक पाऊल मागे सरकली आणि बाहेर आली. तिथून चौकापर्यंत ती पळत सुटली.

"मॅडम," ती फोनवर म्हणाली, "भोकं बुजवली कोणीतरी. ते माणूस आत आहे."

"तू कुठे आहेस?"

"चौकात. पानठेल्यापाशी."

"तिथेच, लोकांत उभी राहा. रुपराव माझ्यासमोर बसलेत. आम्ही निघालो."

त्या पोचल्या तेव्हा शेड रिकामी होती. कप गार झाला होता. दुसऱ्या नावेत एकही भोक नव्हतं.

चारुशीलाबाई बुजवलेल्या भोकांकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांचा चेहरा उतरला. धनश्रीला वाटलं, त्यांना काही सापडलं नाही. पण तसं नव्हतं.

"घरी चल," त्या म्हणाल्या. "मला तुझ्या वहिनीशी बोलायचंय."

५

रोशनी समोरच्या खोलीत बसली होती. मुग्धा आत होती. चारुशीलाबाई चटईवर तिच्यासमोर बसल्या आणि खालच्या आवाजात बोलू लागल्या, जणू धनश्रीलाच सांगतायत.

"मला आधी वाटलं, तुला मारायचा बेत होता. पण मारणारा दोन्ही कप्पे भोसकतो. एकाच कप्प्यात पाणी शिरलं तर नाव आडवी पडते, तरंगत राहते. शनिवारी मोटरबोट असणार होती, तू जाकीट घालणार होतीस. कोणी मेलं नसतं. फक्त सगळ्यांदेखत नाव फसली असती."

धनश्री ऐकत होती. 

"मग आज कोणीतरी भोकं बुजवली. माझ्याकडे फोटो होते, पण ते त्या माणसाला माहीत नव्हतं. आता विचार कर. भोकं दिसली तर ऋषी सुटतो. त्याच्या रेखाटनात चूक नव्हती हे सिद्ध होतं. रुपरावही सुटतात, त्यांच्या थरांत चूक नव्हती. त्या दोघांपैकी कोणाला भोकं सापडली असती, तर त्यांनी ती गावभर दाखवली असती. ती बुजवणार कोण? ज्याला दोष नावेवरच राहायला हवा होता, तोच. आणि पुरुषांचा हात त्या तोंडातून जात नाही."

"माझा जातो," धनश्री म्हणाली.

"हो. तुझा जातो. पण तू मला बोलावलंस." चारुशीलाबाईंनी आता रोशनीकडे पाहिलं. "तलावावर तुम्ही काय विचारलंत ते धनश्रीने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. माणूस गेल्यावर बाई विचारते, कसं झालं. तुम्ही ते विचारलं नाही. तुम्ही विचारलं, हे काहून गेले. कसं झालं ते तुम्हाला माहीत होतं. हे नावेवर का होते, तेवढंच माहीत नव्हतं."

 रोशनीने पदर डोक्यावरून नीट केला. तिच्या उजव्या हाताच्या बोटांवर वाळलेली राळ होती. तिने ती धुतलीही नव्हती.

"माझा भाऊ उमरेडले बंद खाणीच्या पाण्यात गेला," ती म्हणाली. "मी काठावर होती. पाणी दिसाले किती शांत असते, तुमाले माहीत नाही. मुग्धाले नेऊ नका म्हटलं यांना. हसले. पुन्हा म्हटलं. हिले म्हटलं," तिने धनश्रीकडे बोट केलं नाही, फक्त मान वळवली. "ही म्हणे, वहिनी, ही नाव बुडतच नाही. सगळे तेच म्हणे. बुडतच नाही, बुडतच नाही."

"वहिनी," धनश्री म्हणाली. ती चटईच्या कडेला टेकली.

"म्हटलं, एकदा सगळ्याइच्या डोळ्यासमोर आडवी पडू दे. मंग कोणी माझ्या पोरीले बसवणार नाही. तुले काही झालं नसतं, धनू. तू मासोळीसारखी पोहते. तेलाच्या डब्याले पाडतो तशी दोन भोकं पाडली. लेप तर मीच लावत होती दुपारून, हात बसलाच होता. शनिवारी मी स्वतः येणार होती काठावर, लक्ष ठेवाले." तिचा आवाज एवढा वेळ सपाट होता, तो इथे फाटला. "मी घरी नाही पाहून गेले ते. मी असती तर भांडली असती म्हणून. मी घरी असती तर वाचले असते."

धनश्रीला तिचा संताप यायला हवा होता. तो आला नाही. तिला आठवत होती ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिसऱ्यांदा, चौथ्यांदा विचारणारी वहिनी, आणि मोबाइलमधून मान न काढता तिला उत्तर देणारे आपण दोघं भाऊ-बहीण.

"आज साच्यामागे तुम्हीच होत्या?" धनश्रीने विचारलं.

"हो. तू घाबरून राहिली होती, मले दिसत होतं. बाहेर येऊन तुले जवळ घ्यावं वाटलं. पण मंग सांगा लागलं असतं." रोशनी उठली. "पोलिसाइले बोलवा, मॅडम. मले आता लपवणं होत नाही. भाताचा घास तोंडात फिरते."

जीप यायला वेळ लागला. तेवढ्यात रोशनीने आत जाऊन मुग्धाची वेणी घातली. काय बोलली, ते कोणी ऐकलं नाही. जीप आली तेव्हा गल्लीतली दारं उघडली, बायका ओट्यांवर आल्या. रोशनी कोणाकडे न पाहता चढली. चारुशीलाबाई तिच्या शेजारी बसल्या.

मुग्धा उंबऱ्यात उभी होती. जीप वळणावर दिसेनाशी झाली तरी ती तिकडेच पाहत होती.

"मी आतून सगळं ऐकलं, आत्या," ती म्हणाली. "हे माझ्यामुळे झालं का?"

धनश्री तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. तिचे दोन्ही खांदे धरले. 

"नाही," ती म्हणाली. "तुझी आई घाबरली होती. ती आम्हाले सांगून राहिली होती, आणि आम्ही कोणीच ऐकलं नाही. तुझ्यामुळे काही झालं नाही."

मुग्धाने मान हलवली, पण विश्वास बसल्यासारखी नाही.

"आई तिथं एकटी राहील?"

धनश्री उठली. स्कूटरची किल्ली घेतली, दाराला कुलूप लावलं.

"बस मागे," ती म्हणाली. "घट्ट धर मले."

आणि दोघी जीप गेली त्या रस्त्याने निघाल्या.